एका कीटकशास्त्रज्ञाचा हिशेब



कामगार चळवळीतल्या माणसांनी किडामुंगीवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु विषाचा पंप मजुराच्याच पाठीवर असतो. म्हणून हा विषय आमचाही आहे.

एडवर्ड निपलिंग यांचा जन्म १९०९ साली अमेरिकेत, टेक्सास प्रांतात झाला. शेतावर वाढलेला हा माणूस दुसऱ्या महायुद्धात ऑर्लँडो येथील सरकारी कीटक-प्रयोगशाळेचा प्रमुख झाला. सैनिकांच्या उवा आणि छावणीतले डास यांवर डीडीटी कसे वापरावे, हे तेथे ठरले. तेव्हा निपलिंग विषाचे शत्रू नव्हते. त्यांनी विषाचे बळ पाहिले होते. पण युद्ध संपून दोनचार वर्षे होतात न होतात, तोच घरमाश्या डीडीटीला दाद देईनाशा झाल्या.

निपलिंग यांच्या मनात १९३७-३८ पासूनच एक वेगळा विचार घोळत होता. स्क्रूवर्म नावाची माशी गुरांच्या जखमेत अंडी घाली आणि अळ्या जिवंत मांस खात. गुराख्यांनी एकेक जनावर धरावे, जखमेला औषध लावावे, की दुसरे जनावर तयार! या माशीची मादी बहुधा एकदाच जुगते. मग वंध्य केलेले नर सोडले तर? कोषातल्या माशीवर क्ष-किरण टाकून सहकारी रेमंड बुशलंड यांनी ते साधले.

आता त्यांचा हिशेब पाहा. समजा, दहा लाख माद्या आणि तितकेच नर आहेत. दर पिढीला वीस लाख वंध्य नर सोडले, तर तीन माद्यांपैकी एकीलाच प्रजा होईल. पुढच्या पिढीत माद्या ३,३३,३३३, मग ४७,६१९, मग १,१०७, आणि त्यानंतर एकही नाही! कीड घटते तसा उपाय जोर धरतो. विषाचे तसे नाही. शंभरांतील नव्वद मारले, तरी उरलेल्या दहांतून पुन्हा वंश वाढतो.

१९५४ साली कुरासाव बेटावर हा प्रयोग यशस्वी झाला. मग फ्लोरिडात आठवड्याला पाच कोटी माश्या तयार करणारा कारखाना उभा राहिला आणि १९५९ पर्यंत अमेरिकेचा आग्नेय भाग मुक्त झाला. १९९२ साली निपलिंग आणि बुशलंड यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. २००० साली निपलिंग वारले.

त्यांची खरी शिकवण अशी, की एका शेतातली कीड मारून भागत नाही, कारण शेजारच्या बांधावरून ती परत येते. सगळ्या मुलखाने एकदम उठले पाहिजे. आम्ही संघटनेची माणसे दुसरे काय सांगत आलो?

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी व मजूर दगावले. पुढच्याच वर्षी अमेरिकेने आपल्या कपाशीवरून गुलाबी बोंडअळी हटल्याचे जाहीर केले. त्यात बीटी कपाशीबरोबर वंध्य पतंगांचाही वाटा होता. आमच्या तुकड्या-तुकड्यांच्या शेतीत हे तसेच्या तसे उतरणार नाही, आणि प्रत्येक किडीला ही युक्ती लागूही पडत नाही. पण ते काम तेथे एकेकट्या शेतकऱ्यावर टाकलेले नव्हते. सरकार, शास्त्रज्ञ आणि शेतकरी एकत्र आले होते. येथे मात्र दुकानदाराने बाटली द्यावी आणि मजुराने हातमोज्यांवाचून फवारावी, हाच कार्यक्रम!

आणखी एक गोष्ट. ती स्क्रूवर्म माशी २०२४ च्या नोव्हेंबरात मेक्सिकोत पुन्हा आढळली. जिंकलेल्या जागेवरही पहारा ठेवावाच लागतो. मग जेथे लढाई सुरूच झालेली नाही, तेथे आपण किती वाट पाहणार?