गाडी खाली आली, पकड कुठे गेली?

मी कोइम्बतूरला राहतो आणि गाड्यांचं सस्पेन्शन बसवणं, जुळवणं हे माझं काम. करी मोटर स्पीडवे इथून जवळ, त्यामुळे ट्रॅक-डेच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा गाड्या माझ्याकडे येतात. आधी येतात तेव्हा मालक खूश असतो. नंतर येतो तेव्हा विचारतो, "एवढे पैसे घातले, आणि गाडी पहिल्यापेक्षा वाईट वळते. असं कसं?"

आज त्यावरच बोलू. उदाहरणाला टोयोटाची जीटी86 घेतो. 2012 मध्ये बाजारात आली. दोन लिटरचं बॉक्सर इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, वजन साधारण 1240 किलो. आपल्याकडच्या शोरूममध्ये ती कधी आली नाही, पण तिच्या पुढच्या चाकांची मांडणी मॅकफर्सन स्ट्रटची आहे, म्हणजे स्विफ्टला आणि पोलोला आहे तीच. तेव्हा यातलं बरंचसं तुमच्या गाडीलाही लागू पडेल.

या गाडीला कंपनीने 215/45 आर17 मापाचे साधे टायर दिले होते. लोकांनी नाकं मुरडली. पण मुख्य अभियंता तेत्सुया टाडा यांनी ते जाणूनबुजून ठेवले होते. पकड थोडी कमी, म्हणजे गाडी बेताच्या वेगातच सरकू लागते आणि हद्द जवळ आली हे चालवणाऱ्याला आधी कळतं. गाडी बदलायला घेण्याआधी एवढं लक्षात घ्या, की तिच्यातली प्रत्येक गोष्ट कोणीतरी विचार करून तशी ठेवलेली असते.

आता समजा, ही गाडी 30 मिलिमीटर खाली घेतली. तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून सुमारे 460 मिलिमीटरवर, दोन चाकांमधलं अंतर साधारण 1530. वळणावर 0.9 जी इतका जोर आला, तर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सुमारे 335 किलो भार सरकतो. गाडी खाली घेतल्यावर तो होतो 313. बावीस किलोंचा फायदा. वाईट नाही, पण यासाठी काय मोजलं ते पाहा.

मॅकफर्सनमध्ये खालचा आर्म चाकाला आडवा धरून असतो. गाडी खाली आली की त्याचं चाकाकडचं टोक वर जातं. मूळ उंचीवर चाक दाबलं गेलं, की ते वरून किंचित आत झुकतं आणि टायर रस्त्यावर सपाट राहतो. आर्म ठरावीक कोनापलीकडे गेला, की हे झुकणं थांबतं, मग उलटं होतं. टायर बाहेरच्या कडेवर उभा राहतो. दुसरं म्हणजे, गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो रोल सेंटर गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली जातो. दोघांमधलं अंतर वाढतं, तरफ लांब होते. म्हणजे खाली घेतलेली गाडी, स्प्रिंग तीच ठेवली तर, जास्त कलते! मग तो कल मारायला कडक स्प्रिंग लागते. आजार आपणच आणायचा आणि औषधही आपणच विकत घ्यायचं, असा प्रकार.

कडक स्प्रिंगबद्दल एक मोठा गैरसमज आहे. स्प्रिंगने किंवा अँटी-रोल बारने एकूण सरकणारा भार कमी होत नाही. तो ठरतो वजन, उंची, रुंदी आणि वळणाचा जोर यांवरून. बार फक्त ठरवतो, की त्यातला किती पुढच्या जोडीने उचलायचा आणि किती मागच्या. आणि टायरचा स्वभाव असा, की भार दुप्पट केला तरी पकड दुप्पट होत नाही. 300 आणि 300 किलो उचलणारे दोन टायर मिळून जेवढी पकड देतात, तेवढी 500 आणि 100 वाले देत नाहीत. म्हणून ज्या टोकाला जाड बार लावाल, ते टोक आधी सुटेल. पुढे लावला तर गाडी नाक बाहेर टाकत सरळ जाईल, मागे लावला तर शेपूट फिरेल. गाडी "घट्ट" वाटते ती वेगळी गोष्ट. घट्ट वाटणं आणि पकड असणं यांत लोक फार गल्लत करतात.

मागे एक गिऱ्हाईक आलं. दोन दारांची गाडी, स्वस्तातल्या आखूड स्प्रिंगा, शॉकअब्सॉर्बर मूळचेच. वालपराईच्या घाटात, त्या चाळीस हेअरपिनांपैकी एका वळणावर रस्त्यात लहानसा उंचवटा आला आणि पुढची चाकं एकदम सुटली. कठडा हातभर राहिला. बायको शेजारी बसलेली. तो म्हणत होता, टायर खराब आहेत. मी शॉकच्या दांड्याला एक प्लॅस्टिकचा केबल-टाय बांधला आणि गाडी वस्तीतल्या रस्त्यावरून एक चक्कर मारून आणली. टाय पार वर, रबरी बम्प-स्टॉपला टेकलेला. म्हणजे साध्या रस्त्यावरही सस्पेन्शनची चाल संपत होती. चाल संपली की स्प्रिंग उरत नाही, उरतो तो रबराचा ठोकळा. त्या क्षणी पुढचा भाग कित्येक पटींनी कडक होतो, सगळा भार बाहेरच्या एका टायरवर आदळतो आणि तो सुटतो. टायर बिचारे चांगले होते.

आम्ही गाडी पंधरा मिलिमीटर वर उचलली आणि स्प्रिंगला जुळणारे शॉक घातले. हे जुळवणं महत्त्वाचं. स्प्रिंग दुप्पट कडक केली तर गाडी 1.41 पट वेगाने वरखाली हलू पाहते, आणि मूळ शॉकला ती आवरत नाही.

आता चाकं. जीटी86 चं मूळ चाक 17 इंची, 7 इंच रुंद, ऑफसेट 48. हौसेने लोक 18 इंची, साडेआठ रुंद, 35 ऑफसेटचं घालतात. दिसतं झकास, मान्य. पण चाकाची मध्यरेषा 13 मिलिमीटर बाहेर गेली आणि बाहेरची कड 32 मिलिमीटर. स्टिअरिंग खड्ड्यात हिसके देऊ लागतं, ब्रेक मारताना रस्त्याच्या एका बाजूची खडी हाताला जाणवते, बेअरिंगवर ताण येतो. 225/40 आर18 टायरचा व्यास 12 मिलिमीटर जास्त, म्हणजे गिअर जवळजवळ दोन टक्के लांबले. टायरची भिंत 97 वरून 90 वर आली. आपल्या खड्ड्यांत तेवढ्याने रिम वाकते. आणि चाक जड असेल तर तो भार स्प्रिंगच्या खालचा. उसळलेलं चाक परत रस्त्याला लावायला शॉकला जास्त झटावं लागतं. हवेत असलेल्या टायरला पकड नसते.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसीवरचा तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं.

मला कोणी विचारलं, सुरुवात कुठून करू, तर मी सांगतो : मूळ मापाचेच पण चांगले टायर आणि अलाइनमेंट. पुढे दीड अंश निगेटिव्ह कॅम्बर, टो जवळजवळ शून्य. मग एक केबल-टाय बांधा आणि महिनाभर चालवा. टाय कुठे थांबला ते पाहिल्याशिवाय स्प्रिंगची ऑर्डर देऊ नका.