गोलमेज आणि डोक्यावरची विमाने

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



गोलमेज म्हटले की आपल्याला लंडन आठवते. 1930 ते 1932 या काळातल्या तीन परिषदा आणि त्या तिन्हींना हजर असलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. मी आज ज्या गोलमेजाविषयी बोलणार आहे, तिथे देशाचे भवितव्य ठरत नाही. तिथे चर्चा होते ती डोक्यावरून जाणाऱ्या विमानांच्या आवाजाची. आणि मी पाहिले ते मेज गोल नव्हतेच, घोड्याच्या नालेसारखे होते. पण नाव मात्र राउंडटेबल.

मी कुर्ल्याचा. कुर्लेकराला विमान म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. पूर्वेकडून, घाटकोपरच्या अंगाने येणारी विमाने आमच्या डोक्यावरूनच धावपट्टीकडे उतरतात. मी लहान असताना अब्बा कुवेतला नोकरीला होते. विमान गेले की अम्मी भांडी घासता घासता वर बघायची आणि म्हणायची, "बघ, असल्याच विमानातून येतील तुझे अब्बा." त्यामुळे कितीतरी वर्षे मला तो आवाज त्रासाचा वाटलाच नाही. त्यात अत्तराचा, साबणाच्या वड्यांचा आणि टेपरेकॉर्डरचा वास होता म्हणा ना.

पुढे 2013 साली अम्मी अंथरुणाला खिळली. रात्री तिचा जरा डोळा लागायचा आणि विमान यायचे. ती दचकून उठायची, विचारायची, "कोण आलं?" मी एका कार्यालयात अर्ज दिला. पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही. त्या कार्यालयाला तरी दोष किती द्यावा? मागायचे काय, हेच मला ठाऊक नव्हते. विमाने बंद करा असे थोडेच लिहिता येते! म्हणून आपण सगळेच लिहितो ते लिहिले, "योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती." पुढच्या वर्षी अम्मी गेली. अर्ज कुठे गेला कोण जाणे.

2018 च्या उन्हाळ्यात मी लेकीकडे अमेरिकेत गेलो. ती आणि जावई तेव्हा सॅन ब्रुनोला भाड्याने राहत. सॅन फ्रान्सिस्कोचा विमानतळ तिथून हाकेच्या अंतरावर. पहिल्या रात्री मी विमानांची वाट पाहत पडून राहिलो, पण आवाज फारसा आत आलाच नाही. सकाळी पाहिले तर खिडक्या दुहेरी काचेच्या, दारे जाडजूड. घरमालकीणबाई म्हणाल्या, हे सगळे विमानतळाच्या पैशातून झाले आहे. त्या भागात 1983 पासून अशी 15 हजारांहून अधिक घरे विमानतळाने आवाजापासून बंदिस्त करून दिली आहेत. फुकट नव्हे हं. बदल्यात घरमालक आपल्या घरावरून विमाने जाऊ देण्याचा हक्क कायमचा लिहून देतो. सौदाच तो; पण दोन्ही बाजूंच्या सह्या असलेला.

हे घडले कसे, असे विचारल्यावर बाईंनी राउंडटेबलचे नाव घेतले.

या मंडळाची मूळ गोष्ट मोठी मजेची आहे. सॅन फ्रान्सिस्को विमानतळाची मालकी सॅन फ्रान्सिस्को शहराची, पण जागा शेजारच्या सॅन मटेओ काउंटीत. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा समजा. म्हणजे उत्पन्न एका गावाचे आणि कानठळ्या दुसऱ्या गावांच्या. ज्यांना त्रास, त्यांना विमानतळाच्या कारभाऱ्यांसाठी मत देण्याचाही अधिकार नाही. भांडणे व्हायचीच. त्यातून 1981 च्या मे महिन्यात दोन्ही बाजूंनी एक सामंजस्य करार केला आणि हे मंडळ उभे राहिले.

सभासद कोण? तर सॅन मटेओ काउंटीतल्या गावांचे निवडून आलेले नगरसेवक, दर गावाचा एक. मिलब्रे, बर्लिंगेम, पॅसिफिका, डेली सिटी अशी ती गावे. शिवाय काउंटीचा प्रतिनिधी, सॅन फ्रान्सिस्को शहराचे प्रतिनिधी आणि खुद्द विमानतळाचा. मंडळाच्या खर्चाला विमानतळ पैसे देतो आणि गावेही वर्गणी भरतात. मला ही वर्गणीची गोष्ट फार आवडली. ज्याने चार पैसे भरले, तो सभेला येतोच.

देशाचे हवाई वाहतूक प्रशासन, ज्याच्या हाती आकाशातला प्रत्येक मार्ग, त्याची माणसे तिथे येतात. विमान कंपन्यांची येतात. ती बसतात, उत्तरे देतात, पण त्यांना मत नाही. आणि ज्यांना मत आहे, त्यांच्या हाती हुकूम नाही. मंडळ फक्त सल्ला देते. 1990 च्या एका कायद्यानंतर तर विमानतळालाही आपल्या मनाने रात्रीची नवी बंदी घालता येत नाही, केंद्राची परवानगी लागते. मग या मंडळाचा उपयोग काय, असे तुम्ही विचाराल. मीही लेकीला तेच विचारले. ती म्हणाली, "अब्बा, तुम्ही एकदा येऊन तर बघा."

ऑगस्टच्या पहिल्या बुधवारी संध्याकाळी सात वाजता आम्ही मिलब्रेच्या सभागृहात गेलो. कॅलिफोर्नियात कायदाच असा आहे की अशा नियमित सभेची विषयपत्रिका निदान 72 तास आधी लावावी लागते, आणि कुणालाही, अगदी माझ्यासारख्या पाहुण्यालाही, उठून बोलता येते. बोलायला दोन-तीन मिनिटे. कुणी आवाज चढवला नाही, हार-तुरे नाहीत, सत्कार नाही. खरे सांगू? पहिला अर्धा तास मला पेंग आली.

मग आवाजाचे आकडे निघाले आणि मी सावरून बसलो. आसपासच्या वस्त्यांत विमानतळाने 29 ठिकाणी ध्वनिमापके कायमची बसवली आहेत. हिशेबाची त्यांची रीत ऐका. संध्याकाळी सात ते दहाच्या आवाजात पाच डेसिबल जास्तीचे धरायचे, रात्री दहा ते सकाळी सातच्या आवाजात दहा. डेसिबलचे गणित असे की दहा वाढले म्हणजे दसपट. म्हणजे रात्रीचे एक विमान दिवसाच्या दहा विमानांइतके मोजले जाते. मी अम्मीच्या उशाशी बसून जे नुसते जाणले होते, ते इथे कुणी सूत्रात बसवले होते. या हिशेबाने 65 च्या वर गेलेली वस्ती त्रासातली मानतात.

आता या मंडळाचा एक नियम सांगतो. एका गावाचा आवाज उचलून दुसऱ्या गावावर टाकणारा कोणताही निर्णय घ्यायचा नाही, असे त्यांच्या करारातच आहे. वाचायला सोपे, पाळायला महाकठीण. 2015 च्या सुमारास उपग्रहावर चालणारे नवे मार्ग आले. पूर्वी विमाने जरा पसरून यायची, ती आता एकाच बारीक रेषेवरून येऊ लागली. इंधन वाचले, पण रेषेखालच्या लोकांची झोप उडाली. दक्षिणेकडच्या मार्गासाठी 2016 साली तिथल्या तीन खासदारांच्या पुढाकाराने निराळी समिती नेमली गेली. तीन काउंट्यांचे चार-चार असे बारा लोकप्रतिनिधी. त्यांनी महिनोन्‌महिने सुनावण्या घेतल्या आणि नोव्हेंबरमध्ये, मार्ग पुन्हा जुन्या रेषेवर न्यावा, असा सल्ला दिला. पण जुन्या रेषेखालीही माणसे राहतात ना! ती उठून उभी राहिली. त्यांचे काय चुकले? आकाशात रेघ कुठेही ओढा, खाली कुणाची तरी उशी असतेच.

त्या संध्याकाळी एक वयस्कर बाई बोलायला उठल्या. घड्याळ लावून लिहून आणलेल्या वेळा त्यांनी वाचल्या. 11.52, 12.20, 1.35. बस्स, एवढेच. अध्यक्षांनी त्या वेळांची विमाने कोणती, याची माहिती पुढच्या सभेत ठेवायला विमानतळाच्या अधिकाऱ्यांना सांगितले. बाई खाली बसल्या. त्यांना गप्प करायला नव्हे, तर उत्तर द्यायला माणसे समोर होती, आणि दोन महिन्यांनी ती पुन्हा तिथेच सापडणार होती. लेक मला कोपराने ढोसत होती, "अब्बा, बोला ना तुम्ही." मी काय बोलणार? मी त्यांच्याच विमानातून आलेला. आणि माझी फिर्याद पाच वर्षे जुनी, साडेतेरा हजार किलोमीटर दूरची.

आपल्याकडे काहीच नाही असे नाही. 2018 सालीच केंद्राने विमानतळांसाठी आवाजाच्या मर्यादा ठरवल्या. वर्षाला 50 हजारांहून अधिक चढउतार असलेल्या विमानतळाला दिवसा 70 आणि रात्री 65 डेसिबल. बऱ्याच विमानतळांना सल्लागार समित्याही आहेत, खासदार अध्यक्ष असतात. पण तिथे बोलणे बहुधा प्रवाशांच्या सोयींचे होते. जो विमानात बसला तो प्रवासी. जो खाली झोपला आहे, त्याला काय नाव द्यावे, हे अजून ठरलेले नाही. नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर 2025 मध्ये झाले, डिसेंबरअखेर विमाने सुरू झाली. उलव्याच्या इमारतींत आता पाळणे हलतात, आजारी माणसे पडून असतात. तिथे मेज मांडायचे तर आत्ताच मांडलेले बरे. सवय झाल्यावर तक्रारही सुचत नाही, हे मी कुर्ल्याच्या अनुभवाने सांगतो.

परत आल्यावर मी नवा अर्ज लिहिला. या वेळी "योग्य ती कार्यवाही" नाही लिहिली. आमच्या वस्तीला सर्वांत जवळचे ध्वनिमापक कुठे आहे, त्याची रात्री दहा ते सकाळी सहाची नोंद कुठे पाहायला मिळेल, आणि त्याबद्दल विचारायचे तर कोणत्या दिवशी, कुणासमोर यायचे, एवढे तीनच प्रश्न. खालच्या मजल्यावरच्या चाचांना सही करायला सांगितले. ते म्हणाले, "कवी माणूस तू, विमानाच्या नादाला कशाला लागतोस?" मग चष्मा पुसला, अर्ज दोनदा वाचला आणि सही केली. मागोमाग त्यांच्या सूनबाई आल्या, तान्हे बाळ खांद्यावर घेऊन. त्यांनीही केली.