रोटरी टेबलाची निगा आणि कामगाराची अब्रू
(शाखेच्या अभ्यासवर्गात टूलरूममधील सहकाऱ्यांपुढे केलेले भाषण)



आज महागाई भत्ता नाही, बढतीही नाही. आज मिलिंग मशीनवरच्या रोटरी टेबलाविषयी बोलायचे आहे. युनियनच्या सेक्रेटरीने तेलपाण्यावर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. पण प्रसंगच तसा घडला.

आमच्या एका मिलर बंधूला एस. एफ.-११ मिळाला. चकतीवरची भोके जागेवर पडली नाहीत, जॉब रद्द झाला, आणि नुकसान पगारातून कापायचे ठरले. उत्तर लिहिण्याआधी आम्ही मशीनपाशी गेलो, टेबलाला डायल गेज लावला. हँडल एक-दशांश फेरा फिरले तरी टेबल हलेना! टेबल ९० ला १ चे, म्हणजे एका फेऱ्याला ४ अंश. एक-दशांश फेरा म्हणजे ०.४ अंश. मध्यापासून १५० मिलिमीटरवर हा फरक सुमारे १ मिलिमीटर पडतो.

साहेबांनी दोन प्रश्न विचारले. ढिलाई होती तर हँडल दर वेळी एकाच दिशेने का आणले नाही? आणि तक्रार लेखी का दिली नाही? दोन्ही प्रश्न रास्त होते. रजिस्टर कोरे होते. वसुली टळली, पण ठपका राहिला.

म्हणून सांगतो. ढिलाई दोन ठिकाणची असते. एक, वर्म आपल्या बेअरिंगमध्ये पुढेमागे सरकतो. दुसरी, वर्म आणि वर्म व्हील यांच्या दातांत फट पडते. आधी कीस पुसून काढा आणि तेलाची पातळी पाहा. मग वर्मचा नट हळूहळू आवळा. सरकणे थांबले पाहिजे, पण हँडल मोकळे फिरले पाहिजे. लॉकनट विसरू नका. त्यानंतर एक्सेंट्रिक स्लीव्हचा स्क्रू सैल करून स्लीव्ह किंचित फिरवा, म्हणजे वर्म चाकाजवळ येतो. आता टेबल पूर्ण ३६० अंश फिरवून पाहा. रोज वापरातले दात झिजलेले असतात, बाकीचे नसतात. जिथे टेबल सर्वांत जड फिरते, तिथल्या बेताने फट ठेवा. झिजलेल्या जागी घट्ट बसवाल तर दुसरीकडे दात खरवडले जातील. थोडी फट राहणारच. ती हँडल एकाच दिशेने आणून काढायची. पुढे गेलात तर बरेच मागे घेऊन पुन्हा त्याच दिशेने या.

क्लॅम्प कापताना आवळा, टेबल फिरवण्याआधी सोडा. टेबल फिरवत गोलाई कापायची असेल तर क्लॅम्पचा हलका दाब ठेवा आणि कटरच्या उलट फीड द्या. नाहीतर कटर फटीइतका जॉब आत ओढतो, कटर मोडतो आणि तुकडा कोणाच्याही डोळ्यात जाऊ शकतो.

बंधूंनो, माटुंगा असो, खरगपूर असो की पेरांबूर, टूलरूमचे काम सारखेच. निगेसाठी वेळ जॉबकार्डात धरला जावा ही आमची मागणी आहे, आणि ती आम्ही सोडणार नाही. पण वेळ मिळेपर्यंत रजिस्टर कोरे ठेवू नका. ढिलाई मोजा, आकडा लिहा, तारीख घाला, सुपरवायझरची सही घ्या. तो आकडा उद्या आपला साक्षीदार असेल.