खाडाखोड चालणार नाही
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



‘तू नक्की काम काय करतोस?’ असं सकाळपासून पाच-सहा जणांनी विचारलं. ‘डेटा वेअरहाउस’ म्हटलं, की ‘म्हणजे गोदाम?’ हा पुढचा प्रश्न. हो, गोदामच, पण माहितीचं. त्याची मांडणी मी ठरवतो. ती समजायला आपल्या शाळेतल्या दोन वह्या पुरेत.

पहिली, जनरल रजिस्टर. त्यात प्रत्येकाचं नाव, जन्मतारीख, पत्ता एकदाच. दुसरी, हजेरीपट. त्यात रोजची एक खूण. बाई हजेरी घेताना आपला पत्ता रोज लिहीत नसत.

आता ५०० दुकानांची एक साखळी धरा. प्रत्येक दुकानात रोज बिलांच्या २,००० ओळी. म्हणजे दिवसाला १० लाख, वर्षाला साडेछत्तीस कोटी ओळी. हा आमचा हजेरीपट. दुकान, वस्तू, तारीख यांचे तक्ते म्हणजे रजिस्टरं. मधे विक्रीचा अवाढव्य तक्ता, भोवती हे लहान तक्ते, म्हणून या मांडणीला ‘स्टार स्कीमा’ म्हणतात. राल्फ किम्बॉल यांच्या १९९६च्या पुस्तकाने ती घराघरांत नाही, तरी कचेऱ्यांत पोचवली. त्याआधी, १९९२मध्ये, बिल इनमन यांनी वेगळा आग्रह धरला होता: आधी साऱ्या संस्थेची माहिती पुनरुक्ती टाळून एका जागी लावा, मग प्रत्येक विभागाला हवी तशी द्या.

माहिती अफाट असली, की ती अनेक यंत्रांवर वाटून ठेवावी लागते. लहान तक्त्याची प्रत प्रत्येक यंत्रावर ठेवता येते. पण दोन प्रचंड तक्ते जुळवायचे तर माहिती यंत्रायंत्रांतून हलवावी लागते आणि वेळ तिथेच जातो. म्हणून मी खाली इनमन यांची शिस्त ठेवतो आणि प्रश्न विचारणाऱ्यांसाठी वर किम्बॉल यांची तारका.

हे सगळं पाठ असूनही माझी एक चूक झाली. एक दुकान एका विभागातून दुसऱ्या विभागात गेलं. मी तक्त्यातला जुना विभाग खोडून नवा लिहिला. दुसऱ्या दिवशी त्या दुकानाची मागच्या तीन वर्षांची विक्रीही नव्या विभागाच्या नावावर दिसू लागली! जुन्या विभागाच्या अधिकाऱ्यांची बढतीची बैठक तोंडावर होती आणि त्यांची कमाई रातोरात घटली होती. ते ओरडले नाहीत. स्वतःची वही घेऊन आले आणि म्हणाले, “हे मी केलेलं काम आहे. ते कुठे गेलं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. जुन्या बॅकअपवरून सगळं परत उभं केलं. बैठकीच्या आदल्या संध्याकाळी आकडे जुळले.

तेव्हापासून मी जुनी ओळ खोडत नाही. तिच्यापुढे ‘कधीपासून, कधीपर्यंत’ लिहितो आणि बदलासाठी नवा क्रमांक देऊन नवी ओळ घालतो. जुनी विक्री जुन्या ओळीशी बांधलेली राहते. तक्ता थोडा वाढतो, पण कोणाचं केलेलं काम पुसलं जात नाही.

आपण दहावीत गेलो म्हणून नववीचा हजेरीपट बदलला नाही. रजिस्टरात खाडाखोड केलेली ऑफिसात कधी चालली नाही. हा नियम मी शाळेत रोज पाहिला होता, कळला मात्र फार उशिरा. बाई, सर, उशिराबद्दल माफ करा.