देवळापुढची झाडे : ओळख आणि निगा



देवळाचा जीर्णोद्धार निघाला म्हणजे गाभारा, सभामंडप, शिखर, दीपमाळ, ओवऱ्या यांचा एकेक हिशेब मांडला जातो. वर्गणीदारांची यादी होते, पाथरवट ठरतो, कळसाचा मुहूर्त निघतो. प्रांगणातल्या झाडांचे नाव मात्र जमाखर्चात कुठे येत नाही, आणि आलेच तर अडचणीच्या सदरात येते. फरशीला मुळे आडवी येतात, पाचोळा पडतो, मंडपाला सावली होते! वास्तविक पुष्कळ ठिकाणी झाड आधीचे आणि देऊळ नंतरचे. झाडाच्या बुंध्याशी शेंदूर लावलेला दगड होता, मागाहून त्यावर छप्पर आले.

झाडाची निगा राखायची तर प्रथम ते कोणते हे ठाऊक हवे. वड आणि पिंपळ सर्वांना कळतात. वडाच्या पारंब्या आणि जाड, लंबगोल पाने. पिंपळाचे पान हृदयाकृती, टोकाला लांब शेपूट. उंबराची फळे खोडावर आणि जाड फांद्यांवर झुबक्यांनी लागतात. गल्लत होते ती अशोकाच्या बाबतीत. देवळापुढे अशोक लावला असे मंडळी अभिमानाने सांगतात, आणि असतो तो सरळसोट, लांब झिरमिळ्या पानांचा आसुपालव. खरा सीताअशोक निराळा. त्याचे पान संयुक्त, कोवळी पालवी तांबूस व लोंबती, आणि फुलांचे गेंद केशरी ते लाल. त्याला ओलावा आणि थोडी सावली मानवते. म्हणून आसुपालवाच्या जागी सीताअशोक लावायचा तर जागाही बदलावी लागते. देवचाफा आणि सोनचाफा यांचेही तसेच. देवचाफ्याचे पान तोडले की चीक येतो, सोनचाफ्याला येत नाही. देवचाफा मूळचा अमेरिका खंडातला, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते!

आता निगेकडे वळू. झाडाची मुळे जमिनीत फार खोल जातात हा सार्वत्रिक समज. अन्नपाणी शोषणारी बहुतेक मुळे वरच्या दोन-तीन फुटांतच असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही पसरतात. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. प्रांगण सपाट करण्यासाठी दीड-दोन फूट भराव टाकला, त्यावर काँक्रीट ओतले आणि फरशी थेट बुंध्याला भिडवली, की मुळे गुदमरू लागतात. झाड त्याच वर्षी वाळत नाही. तीन-चार पावसाळे ते साठवणीवर काढते, मग शेंडे वाळू लागतात, आणि लोक म्हणतात झाड म्हातारे झाले. परीक्षा सोपी आहे. खोड जमिनीत शिरताना पसरट झालेले, मुळांचे खांदे उघडे पडलेले दिसले पाहिजेत. वडाच्या पारंब्यांची गोष्ट वेगळी, पण एरवी खोड खांबासारखे सरळ खाली गेलेले दिसले तर भराव पडला आहे असे खुशाल समजावे. तो हाताने, पहार-कुदळीचे घाव न घालता, हळूहळू उपसावा.

मग आजोबा-पणजोबांनी पार बांधले ते काय चुकीचे? तसे नाही. जुना पार बहुधा झाड लहान असतानाच बांधला जाई. दगड कोरडे रचलेले, सांध्यांतून पाणी मुरे, हवा खेळे. झाड पारासकट वाढले. आजचा सिमेंटचा, वर चकचकीत फरशी लावलेला कट्टा म्हणजे पार नव्हे.

सांगली जिल्ह्यातल्या भोसे येथील यल्लम्मा देवीच्या देवळाजवळचा वड या संदर्भात आठवतो. सुमारे 400 वर्षांचा म्हणून तो ओळखला जाई. रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या कामात तो जाणार होता. 2020 साली लोक उठले, बोभाटा झाला, आणि रस्त्याची आखणी बदलून वड राखला गेला. गावाचे कौतुक करावे तेवढे थोडेच. पण 2022 च्या पावसाळ्याच्या तोंडाशी तोच वड कोसळला. करवत टळली म्हणजे झाड वाचले असे होत नाही. पुढे त्याच्या मुळांकडे, तोलाकडे, जखमांकडे वर्षानुवर्षे कोणी पाहावे लागते.

याउलट तेलंगणातल्या महबूबनगरजवळचा पिल्ललमर्री वड. 2017 च्या अखेरीस त्याची मोठी फांदी मोडली. वाळवीने आत पोखरले होते. वनखात्याने लोकांची ये-जा बंद केली, दवाखान्यातल्या सलाइनच्या बाटल्या फांद्यांना टांगून वाळवीचे औषध थेंबथेंब सोडले, लोंबत्या फांद्यांना आधाराचे खांब दिले. हा उपाय घरी करून पाहण्याजोगा नाही, ते औषध विषारी असते. तथापि रोगी झाडाला गर्दीपासून विश्रांती देणे कोणालाही जमेल.

पोकळ खोड पाहून घाबरून जाऊ नये. खोडातला मधला गाभा मुळात निर्जीव, आधारापुरता. जिवंत भाग सालीलगतचा. कलकत्त्याजवळच्या शिवपूरच्या बागेतील थोरल्या वडाचे मूळ खोड बुरशीने कुजले म्हणून 1925 साली काढून टाकले, तरी तीन हजारांहून अधिक पारंब्यांवर ते झाड आजही उभे आहे. आपल्याकडे संगमनेर तालुक्यात पेमगिरीचा वडही असाच पारंब्यांवर पसरलेला आहे. म्हणून वडाच्या पारंब्या वाटेत येतात म्हणून छाटू नयेत. एखादी फाटलेल्या बांबूच्या नळीतून जमिनीपर्यंत उतरवावी. पोकळीत सिमेंट भरणे तर सर्वस्वी वर्ज्य. झाड वाऱ्याने हलते, सिमेंट हलत नाही, आणि मधे पाणी साचून कूज वाढते. त्या ढोलीत पणती लावणे हाही असाच जिवावरचा प्रकार.

भय कशाचे धरावे? बुंध्याशी कंसासारखी कडक अळिंबी उगवली, कललेल्या झाडाच्या विरुद्ध बाजूस जमिनीला भेग पडली, खोडावर लाकडी हातोडीने ठोकल्यावर एका बाजूस आवाज बद्द आला, भोकांतून भुसा गळू लागला, तर जत्रेच्या आधी जाणत्याला दाखवावे. झाडाखाली शेकडो माणसे बसतात, इथे भाविकपणाने डोळेझाक चालत नाही.

फांदी काढायचीच झाली तर एका घावात तोडू नये, साल खोडापर्यंत सोलवटते. प्रथम खोडापासून हातभर अंतरावर खालून थोडे कापावे, मग किंचित पुढे वरून कापून भार उतरवावा, शेवटी उरलेला खुंट काढावा. तोही फांदीच्या बुडाशी जो फुगवटा असतो तो शाबूत ठेवून. अमेरिकेतल्या अ‍ॅलेक्स शायगो नावाच्या शास्त्रज्ञाने हजारो झाडे उभी चिरून दाखवून दिले की झाडाची जखम माणसासारखी भरत नाही. झाड कुजका भाग भिंत घालून वेगळा पाडते. ती भिंत त्या फुगवट्यातून उभी राहते. वरून डांबर फासल्याने कूज थांबत नाही, हेही त्यानेच दाखवले.

वटपौर्णिमेचे कच्चे सूत पावसात कुजून जाते, त्याने काही बिघडत नाही. नायलॉनची दोरी, रोषणाईच्या तारा, पाटीचे खिळे मात्र तसेच राहून सालीत रुततात. उत्सव संपताच ते उतरवण्याचे काम कोणाकडे तरी नेमून द्यावे.

राहिला शिखरावरचा पिंपळ. पक्षी फळे खातात, बी दगडाच्या सांध्यात पडते, पावसाळ्यात रोप उगवते. नुसता शेंडा छाटला तर ते पुन्हा फुटते आणि आत मूळ जाडजूड होऊन चिरे हलवते. पिंपळ तोडू नये या भावनेने लोक हात लावत नाहीत, आणि दहा वर्षांनी शिखराला तडा जातो. उपाय दोन्ही बाजू सांभाळणारा आहे. दसऱ्याच्या सुमारास, सांधे अजून ओलसर असताना, शिडी लावून बोटभर उंचीची रोपे मुळासकट अलगद काढावीत, सांध्यात चुना भरावा, आणि ती रोपे ओढ्याच्या काठी, घरांपासून दूर लावावीत. पहिली दोन वर्षे कुंपण आणि उन्हाळ्यात आठवड्याला दोन घागरी पाणी एवढे मिळाले तर पुढे त्यांना कोणाची गरज लागत नाही.