आधी दवाखाना

आजचा विषय आपण गटाच्या बैठकीतही खालच्या आवाजात बोलतो. आज मोकळ्या आवाजात बोलू. घरात वयात आलेल्या मुली असतील तर त्यांनाही जवळ बसवा.

गावोगावच्या बैठकांत आम्ही एक प्रश्न विचारतो. एखाद्या बाईवर किंवा मुलीवर बळजबरी झाली, तर पहिले कुठे जायचं? कुणी म्हणते पोलीस पाटलाकडे, कुणी म्हणते ठाण्यात, कुणी म्हणते माहेरी. मागून एखादी हळूच म्हणते, "कुठंच नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची." दवाखाना हे उत्तर फार कमी येतं. म्हणून आज एवढंच सांगायचं आहे: आधी दवाखाना.

कारण असं की केस पुढे उभी राहील तेव्हा राहील, पण शरीर थांबत नाही. गर्भ राहू नये म्हणून गोळी असते. ती 72 तासांच्या आत घेतली तर चांगली लागू पडते, आणि जितकी लवकर तितकी बरी. पाच दिवसांपर्यंतही ती देता येते. एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणूनही गोळ्या असतात. त्या मात्र 72 तासांच्या आतच सुरू व्हाव्या लागतात आणि पूर्ण 28 दिवस घ्याव्या लागतात. शिवाय धनुर्वाताचं इंजेक्शन, काविळीची लस, गुप्तरोग होऊ नये म्हणून औषध, जखमांवर इलाज आणि मनाला धीर देणारं समुपदेशन. हे सगळं दवाखान्यातच मिळतं. "चार दिवस जाऊ द्या, मग पाहू" म्हणताना आपण नेमके हेच तास घालवतो.

आता दाराशी काय होतं ते पाहू. "पोलिसांचं पत्र आणा, मग तपासू" असं ऐकून परत फिरलेल्या बाया आम्हाला भेटल्या आहेत. कायदा तसं म्हणत नाही. दवाखाना सरकारी असो की खाजगी, अशा बाईवर तिथे ताबडतोब आणि मोफत उपचार झालेच पाहिजेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं हे कलम 397. उपचार नाकारले तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 200 खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. हे दोन आकडे वहीत लिहून ठेवा. काउंटरवर शांतपणे सांगता आले, तरी पुष्कळदा काम होतं.

दवाखान्याला पोलिसांना कळवावं लागतं, हे खरं. पण तक्रार द्यायची की नाही, हे सज्ञान बाईनं स्वतः ठरवायचं. तिनं आज नाही म्हटलं, तर डॉक्टर तसं लिहून घेतात. उपचार अडवत नाहीत. मुलगी 18 वर्षांच्या आतली असेल तर मात्र पोलिसांत कळवणं आपल्या सगळ्यांवर बंधनकारक आहे. तिची तपासणी बाई डॉक्टरनंच करायची, आणि त्या वेळी आई-वडील किंवा तिच्या विश्वासाचं माणूस जवळ हवं.

आपल्या जिल्ह्यात वर्ध्याचं जिल्हा सामान्य रुग्णालय, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, सावंगीचं विनोबा भावे रुग्णालय, हिंगणघाट आणि आर्वीची उपजिल्हा रुग्णालयं आहेत. यातलं जे जवळ, तिथं चला. गाडी नसेल तर 108.

निघण्याआधी शक्य असेल तर आंघोळ करू नका, कपडे धुऊ नका. कपडे बदलले असतील तर ते कागदात किंवा कागदी पिशवीत घ्या. प्लास्टिकमध्ये ओल धरते आणि पुरावा खराब होतो. बदलायला एक जोडी सोबत घ्या, कारण अंगावरचे कपडे तपासणीसाठी ठेवून घेऊ शकतात. आंघोळ झाली असली, दोन दिवस उलटले असले, तरी जाच. इलाजाचा हक्क त्यानं संपत नाही.

आता तपासणीची भीती. ही भीती उगीच नाही. आपल्याच विदर्भात 1972 साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मजूर मुलीवर अत्याचार झाला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिची तपासणी झाली. दोन बोटं घालून तपासल्याचं त्या अहवालात होतं, अंगावर जखम नसल्याचंही होतं. खटल्यात चर्चा झाली ती तिला संबंधांची सवय होती का याची. जखम नाही म्हणून संमती होती असं धरलं गेलं, आणि सुप्रीम कोर्टातून दोन्ही पोलीस सुटले. देशभर बाया रस्त्यावर आल्या. 1983 साली कायदा बदलला. पण दवाखान्यातली ती दोन बोटांची तपासणी पुढेही कित्येक वर्षं चालूच राहिली.

तिच्याविरुद्धचा एक आवाज आपल्या सेवाग्राममधून उठला, हे आपल्या मुलींना सांगायला हवं. तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयातले न्यायवैद्यक विभागाचे डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी अशा तपासण्यांचे अहवाल किती निष्काळजीपणे लिहिले जातात, हे अभ्यास करून मांडलं. त्याच्या आधारे 2010 साली नागपूर खंडपीठात जनहित याचिका झाली. 2014 साली केंद्राच्या आरोग्य खात्यानं देशभरासाठी सूचना काढल्या आणि ही तपासणी करू नये असं लिहून दिलं. 31 ऑक्टोबर 2022 रोजी सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की अशी तपासणी करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल.

तेव्हा लक्षात ठेवा, आज तपासणी तिच्या परवानगीनंच होते. प्रत्येक टप्पा आधी समजावून सांगायचा. एखाद्या टप्प्याला ती नाही म्हणू शकते, तरी उपचार मिळतातच. खोलीत पोलीस थांबणार नाही. तिच्या चारित्र्याबद्दल, पूर्वीच्या संबंधांबद्दल मत लिहायचं नाही. अहवालाची प्रत तिला मोफत मिळते, मागून घ्या. जखम नसली म्हणजे काही घडलं नाही, असा अर्थ होत नाही. भीतीनं माणूस गारठतं, हे आपल्याला का ठाऊक नाही?

सोबत जाणारीनं काय करावं? प्रश्न विचारू नयेत. "तू तिकडे गेलीसच कशाला" हे तर मुळीच नको. तिचं नाव गावात, फोनवर, गटाच्या ग्रुपवर टाकू नये. नाव उघड करणं हा गुन्हा आहे. हात धरून बसावं, पाणी द्यावं, आणि गोळ्या पूर्ण होईपर्यंत आठवण ठेवावी. पुढे पाळी चुकली तर वेळ न घालवता पुन्हा दवाखान्यात न्यावं. अशा बाईला 24 आठवड्यांपर्यंत कायद्यानं गर्भपात करून घेता येतो. मनोधैर्य योजनेतून आर्थिक मदतही असते. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारा.

चार नंबर लिहून घ्या. महिलांसाठी 181, पोलीस 112, मुलांसाठी 1098, रुग्णवाहिका 108.

पुढच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला, की दहा मिनिटं काढा आणि तीन गोष्टी ठरवा. रात्री-बेरात्री सोबत जाणाऱ्या दोघी कोण? गाडी कुणाची? गटाच्या पेटीतून लगेच काढायचे पैसे किती? कुणाच्या शेतात बंडी उलटली तर आपण विचारत बसत नाही. उचलतो आणि दवाखाना गाठतो. या बाईसाठीही तेवढंच करायचं आहे.