कापसाची तागडी आणि सरकारचा हात

(सेवाग्राम येथें शेतकरी व कारागीर मंडळींपुढें केलेलें भाषण)



आज आम्ही आपल्यापुढें कापसाच्या भावाविषयीं बोलणार आहों. हा अर्थशास्त्राचा विषय आहे, तो कुणब्याच्या डोक्यांत शिरावयाचा नाहीं, असें शिकलेली मंडळी म्हणत असतात. परंतु बी उधारीचें, खत उधारीचें आणि वेचणीची मजुरी मात्र रोख, असा संसार जो दरसाल चालवितो, त्याला अर्थशास्त्र आणखी कोणीं काय शिकवावें? शास्त्र त्याला येतें. आपल्या मालाचा भाव ठरत असतां तागडीवर हात कोणाचा पडतो, केव्हां पडतो आणि कोणासाठीं पडतो, एवढेंच त्याला कळूं दिलें जात नाहीं. तेंच आज उघड करून सांगावयाचें आहे.

हा हात नवा नाहीं. महात्मा जोतीराव फुले यांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यांत सरकारी पट्ट्यांखालीं कुणबी कसा दबला आणि विलायती मालामुळें कारागीर कसा उपाशी पडला, हें मांडलें आहे. त्यानंतर तेरा वर्षांनीं, १८९६ सालीं, इंग्रज सरकारनें या देशांतील गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के जकात बसविली. कारण काय, तर विलायती कापडावर तेवढीच जकात होती, आणि लँकेशायरच्या गिरणीवाल्याची बाजू लंगडी पडूं नये! हा भार १९२६ सालीं कायमचा उठला. तीस वर्षें सरकार सांगत होतें कीं आम्ही खुल्या व्यापाराचे भक्त आहों. व्यापार खुला होता तो बलवानाला. दुबळ्याला जकात होती.

पुढें दुसऱ्या महायुद्धांत १९४३ सालीं कापड व सूत यांवर नियंत्रण आलें. सरकारी भावानें कापड मिळेना आणि मागच्या दारानें वाटेल त्या भावानें मिळे. आपल्या याच गांवांत महात्मा गांधी १९३६ पासून राहूं लागले होते. गांवाचें नांव तेव्हां शेगांव होतें, १९४० सालीं तें सेवाग्राम झालें. त्या गांधींनीं १९४७ च्या अखेरीस दिल्लीच्या प्रार्थनासभांतून सांगितलें कीं हीं नियंत्रणें उठवा. त्यांनीं लबाडी वाढते, काळा बाजार माजतो आणि माणूस स्वतःच्या पायावर उभें राहणें विसरतो. सरकारनें तें ऐकलें. डिसेंबर १९४७ मध्यें धान्य आणि जानेवारी १९४८ मध्यें कापड मोकळें झालें. मग भाव भडकले आणि त्याच वर्षीं कापडावर नियंत्रण परत आलें. यांतून काय घ्यावें? नियंत्रण होतें तेव्हां काळ्या बाजारवाल्याचें फावलें, उठलें तेव्हां साठेबाजाचें फावलें. पिकविणारा आणि विणणारा दोन्ही वेळां बाहेरच उभे होते. म्हणून “सरकार हवें कीं बाजार हवा” एवढ्याच प्रश्नांत जो आपणांस गुंतवितो, तो आपली दिशाभूल करतो.

आतां आपल्या डोळ्यांदेखतची गोष्ट. महाराष्ट्र सरकारनें १९७१ सालीं कायदा केला आणि १९७२ पासून कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली. राज्यांतला सर्व कापूस सरकारच्या केंद्रावरच घालावयाचा. व्यापाऱ्याला विकणें गुन्हा आणि परवान्यावांचून राज्याच्या हद्दीबाहेर नेणें हाहि गुन्हा. हेतु वाईट होता असें आम्ही म्हणणार नाहीं. अडत, दलाली, तोलाई, कटती आणि रुमालाखालीं बोटें दाबून ठरणारा भाव, हें सर्व ज्यानें सोसलें, त्याला ठरलेला भाव हा मोठा आधार वाटला, आणि मंदीच्या सालीं तो खरोखर आधार झालाहि. परंतु तेजीच्या सालीं काय झालें? शेजारच्या राज्यांत भाव चढा, येथें केंद्रावर रांगा, पैसा हप्त्यानें. मग लोक रात्रीं बंड्या जुंपून हद्दीकडे निघाले. कापूस स्वतःच्या शेतांतला, बैल स्वतःचे, घाम स्वतःचा, आणि नाक्यावर मालकच चोर! कापसाच्या आंदोलनांत १० डिसेंबर १९८६ रोजीं हिंगोलीजवळच्या सुरेगांव येथें गोळीबार झाला आणि तीन शेतकरी प्राणास मुकले. भाव मागितला आणि गोळी मिळाली, हें विसरून चालणार नाहीं.

पुढें राजकारणाकडे नजर ठेवून हमी भावावर जादा भाव आगाऊ जाहीर करण्याची चाल पडली. योजनेचा तोटा हजारों कोटींत गेला. शेवटीं २००२ च्या सुमारास व्यापाऱ्यांना पुन्हां खरेदीची मोकळीक मिळाली आणि एकाधिकार मोडला. तेव्हां पुष्कळांनीं सांगितलें कीं आतां बाजार मोकळा झाला. बंधूंनो, विकण्याची मोकळीक मिळाली हें खरें. पण तागडीवरचा हात निघाला काय? तो मुंबईहून निघाला आणि दिल्लीहून पडूं लागला.

हिशेब पाहा. एप्रिल २०१० मध्यें जगांत कापूस तेजींत होता; सरकारनें निर्यातीची नोंदणी थांबविली. ५ मार्च २०१२ रोजीं निर्यात एकाएकीं बंद केली. ओरड झाली तेव्हां आठवड्याभरांत हुकूम मागें घेतला. पण त्या आठवड्यांत ज्यानें गरजेपोटीं माल विकला, त्याचा भाव कोणीं परत दिला? फेब्रुवारी २०२१ मध्यें परदेशी कापसावर जकात बसली, ती सर्व मिळून ११ टक्के होती. पुढच्याच सालीं आपल्याकडे कापूस क्विंटलला दहा हजारांवर गेला, तेव्हां १४ एप्रिल २०२२ पासून ती जकात माफ झाली. भाव चढला कीं हात खालीं दाबतो, ही रीत झाली.

मग भाव पडला म्हणजे तोच हात वर उचलीत असेल? तेंहि पाहा. ऑगस्ट २०२५ मध्यें अमेरिकेनें आपल्या मालावर ५० टक्के जकात लादली. तयार कपड्यांचे कारखानदार अडचणींत आले, हें खरें. त्यांच्या सोयीसाठीं सरकारनें १९ ऑगस्टपासून परदेशी कापसाची जकात माफ केली, आधीं ३० सप्टेंबरपर्यंत आणि मग ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत. हे महिने कोणते? दसरा-दिवाळीचे, आपल्या पऱ्हाटीला पहिली वेचणी लागण्याचे! भाव तेव्हां चढा नव्हता, उलट हमीच्या खालीं होता. अमेरिकेनें मारलें कारखानदाराला आणि वळ उठला कुणब्याच्या पाठीवर.

सरकार म्हणेल, आम्ही हमी भाव दिला आहे. दिला आहे. २०२५-२६ च्या हंगामाला लांब धाग्याच्या कापसाला ८११० रुपये क्विंटल आणि मध्यम धाग्याला ७७१० रुपये. १९७० सालीं निघालेलें भारतीय कापूस महामंडळ त्या भावानें खरेदीहि करतें. परंतु तेथें पोंचावयाचें कसें? मोबाइलवर ‘कपास किसान’मध्यें नोंदणी, सातबाऱ्यावर पीकपेरा, ठरलेला दिवस, आणि ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला कीं माल परत. पहिल्या वेचणीचा कापूस ओलाच असतो आणि देणेकरी त्याच वेळीं दारांत उभा असतो. तेव्हां लहान शेतकरी खेडा खरेदीवाल्याला माल देऊन मोकळा होतो. समजा, त्यानें सात हजारानें दहा क्विंटल विकला. ८११० शीं ताडून पाहिलें तर अकरा हजार एकशें रुपये गेले. एवढ्यांत पोरीचें वर्षाचें शिक्षण होतें.

आतां येथें बसलेले कोष्टी व साळी बंधु म्हणतील, कापूस महागला तर आमचें सूत महागेल, आमचें काय? हा प्रश्न रास्त आहे, आणि सरकार याच प्रश्नाआड लपतें. पण विणकर कापूस विकत घेत नाहीं. तो सुताची लडी घेतो. गिरण्यांनीं आपल्या सुताचा अमुक वांटा हातमागासाठीं लडींत द्यावा, असा नियम आहे. तो वांटा पूर्वीं ५० टक्के होता, २००३ सालीं ४० झाला, २०१९ सालीं ३० वर आला. १९८५ च्या कायद्यानें २२ प्रकारचीं कापडें हातमागासाठीं राखलीं होतीं. पुढें तीं ११ वर आलीं. विणकराचा एवढा कळवळा होता, तर त्याचा वांटा कां कातरला? कुणब्याचा भाव विणकराच्या नांवानें दाबावयाचा आणि विणकराचें सूत गिरणीच्या सोयीनें कमी करावयाचें! दोघे भाऊ एकमेकांकडे संशयानें पाहत बसले म्हणजे तिसऱ्याचें काम होतें.

तेव्हां मागावयाचें काय? दया नव्हे, नियम. पहिलें, कापसाची आयात-निर्यात व जकात यांचें धोरण पेरणीपूर्वीं जाहीर व्हावें आणि हंगाम संपेपर्यंत बदलूं नये. आम्ही बी टाकतों तें जमिनीच्या भरंवशावर. दिल्लीच्या लहरीवर जुगार खेळण्यासाठीं नव्हे. दुसरें, खरेदी केंद्र पहिल्या वेचणीला उघडावें. तिसरें, विकण्याची मोकळीक कोणत्याहि निमित्तानें पुन्हां हिरावूं नये. चवथें, हातमागाच्या सुताचा वांटा कमी करण्याआधीं विणकराला विचारावें.

आणि कांहीं आपणहि करावयाचें आहे. एका क्विंटल कापसांतून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. रुईचा उतारा किती पडला हें जिनवाल्याला कळतें, विकणाऱ्याला कळत नाहीं. दहा-वीस घरांनीं मिळून कापूस वाळवावा, एकत्र ठेवावा, एकत्र जिनमधून काढून घ्यावा आणि रुई व सरकी वेगळी विकावी. गरजूला तेवढ्यापुरती उचल गटानेंच द्यावी, म्हणजे ओला माल कोणाच्या दारांत टाकावा लागणार नाहीं. जिचे हात वेचणी करून फाटतात, ती बाई या गटाच्या हिशेबाला बसलीच पाहिजे. घरांत पैसा किती कमी आला हें तिच्याइतकें कोणालाच ठाऊक नसतें.

येत्या पेरणीपूर्वीं प्रत्येक गांवानें निदान एवढें करावें: ज्यानें त्यानें यंदाचा कापूस कोणत्या दिवशीं, किती, कोणत्या भावानें विकला, हें एका वहींत लिहावें आणि शेजारीं सरकारच्या हुकुमांच्या तारखा लिहाव्या. ती वही घेऊन आपल्या आमदार-खासदारापुढें बसावें. तोंडच्या तक्रारीला उत्तरें पुष्कळ असतात. तारखेला व आंकड्याला उत्तर देणें जड जातें. वही कोणाच्या घरीं ठेवावयाची, तें आज उठण्यापूर्वीं ठरवा, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतों.